गाडी गेली, डबा राहिला: ‘लीव्ह’च्या उलट नेमकं काय?

जुळे सोलापुरात राहणारी माझी भाची परवा वही घेऊन आली ती फुरंगटूनच. आठवीत आहे. चाचणीत इंग्रजीचे विरुद्धार्थी शब्द विचारले होते. ‘लीव्ह’समोर तिनं ‘स्टे’ लिहिलं होतं. त्यावर लाल पेनाची काट, आणि शेजारी बाईंच्या अक्षरात ‘अराईव्ह’. अर्धा गुण गेला.

“मामा, सांग की, माझं चुकलं का?”

“नाही चुकलं.”

“मग बाईंचं चुकलं?”

“त्यांचंही नाही.”

हे उत्तर तिला अजिबात आवडलं नाही. अर्ध्या गुणाचा प्रश्न असला की कुणालाच ते आवडत नाही. पण खरं तेच आहे. चुकलाच असेल तर तो प्रश्न. ‘लीव्ह’ हा शब्द वाक्याबाहेर एकटा उभा करायचा आणि त्याच्या उलट काय ते विचारायचं, म्हणजे सोलापूरच्या पलीकडे कोणतं गाव असं विचारण्यासारखं झालं. पंढरपूरकडून आलात तर एक उत्तर, अक्कलकोटकडून आलात तर दुसरं.

आधी मराठीतच करून बघू. ‘जाणे’च्या उलट? कुणीही सांगेल, ‘येणे’. आता घरी पाहुणे आलेत आणि आई स्वयंपाकघरातून हळूच विचारते, “पाहुणे आज जाणार की...?” पुढचा शब्द ‘येणार’ नाही, ‘राहणार’ आहे. भाकऱ्या किती थापायच्या ते त्या शब्दावर ठरतं. ‘सोडणे’ घ्या. हात सोडला, उलट धरला. गाव सोडलं, उलट गावातच राहिला, किंवा गावी परतला. नोकरी सोडली, उलट नोकरी लागली. (नोकरीही लागते आणि दारूही लागते, आणि दोन्ही सोडणं सारखंच अवघड. मराठीला हे फार आधी कळलेलं दिसतं.)

इंग्रजीतला ‘लीव्ह’ ही सगळी कामं एकटाच करतो. निघणे, जाणे, सोडणे, मागे ठेवणे, बाहेर पडणे. जितकी कामं, तितकी उलटी कामं.

सगळ्यांत स्वच्छ जोडी बघायची असेल तर सोलापूर स्टेशनवर जावं. वेळापत्रकात दोन रकाने असतात, आगमन आणि प्रस्थान, म्हणजेच अराईव्हल आणि डिपार्चर. मुंबईहून बंगळुरूला जाणारी उद्यान एक्स्प्रेस इथे येते, थोडी टेकते आणि सुटते. तिचे दोन्ही रकाने भरलेले. रात्री मुंबईला जाणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस मात्र इथूनच सुटते, त्यामुळे तिच्या आगमनाच्या जागी काही नसतं. तिचं ‘अराईव्ह’ सकाळी मुंबईत होतं. म्हणजे ‘डिपार्ट’ आणि ‘अराईव्ह’ ही एकाच प्रवासाची दोन टोकं झाली, आणि दोन टोकांमध्ये भरपूर जागा आहे. कुर्डुवाडी गेलंय, तुम्ही वरच्या बर्थवर सोलापुरी चादर ओढून पडलाय. तुम्ही निघालात का? निघालो. पोहोचलात का? अजून नाही.

आता ‘लीव्ह’ आणि ‘स्टे’ला हीच परीक्षा लावा. तुम्ही गेलात की राहिलात? इथे मधली जागा नाही. एक खोटं असेल तर दुसरं खरं असलंच पाहिजे. (“निघतो आता” म्हणून दारात चप्पल घालून तासभर गप्पा मारणारे पाहुणे हा अपवाद. त्यांची सोय कुठल्याच भाषेच्या व्याकरणात नाही.) जॉन लायन्स या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञानं विरुद्धार्थी शब्दांचे असे प्रकार वेगवेगळे करून दाखवले. येणे-जाणे, पोहोचणे-निघणे यांच्यातला विरोध दिशेचा. जिवंत-मृत यांच्यातला विरोध मधली जागाच न ठेवणारा. आणि गरम-थंड यांच्यात कोमट बसतं. शाळेच्या पुस्तकात या तिन्हींना एकच गुणाकाराची फुली असते आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. बाईंनी दिशेचा विरोध धरला, भाचीनं दुसरा.

स्टेशनवर आहोत तोवर एक कामाची गोष्ट सांगून टाकतो, कारण आपल्याकडे ही चूक घरोघरी होते. ‘रीच’ला मागे ‘टू’ लागत नाही. आपण ‘पुण्याला पोहोचलो’ म्हणतो, तो ‘ला’ डोक्यात असतो, म्हणून ‘रीच्ड टू पुणे’ निघून जातं. ‘रीच्ड पुणे’ एवढंच पुरे. ‘अराईव्ह’ला मात्र काहीतरी लागतंच. शहर असेल तर ‘इन’, स्टेशन किंवा लग्नाचं कार्यालय असेल तर ‘ॲट’; ‘टू’ तिथेही नाही. आणि ‘लीव्ह’मागे ‘फॉर’ आला की गाडीचं तोंडच फिरतं. ‘लीव्हिंग पुणे’ म्हणजे पुणं सोडतोय. ‘लीव्हिंग फॉर पुणे’ म्हणजे पुण्याला निघतोय. माझ्या मेहुण्यानं एकदा हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी निघताना पुण्यातल्या मित्राला ‘लीव्हिंग पुणे’ असा मेसेज टाकला. मित्र बिचारा फुगून बसला, की गडी पुण्यात येऊन गेला आणि भेटलासुद्धा नाही. मेहुणा दुपारी शेंगाचटणीची पुडी घेऊन त्याच्या दारात उभा राहिला तेव्हा कुठे उलगडा झाला. एक ‘फॉर’ राहिला होता.

‘लीव्ह’च्या उलट काय, हा प्रश्न एका अख्ख्या देशालाही एकदा सोडवावा लागला होता. युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं यावर ब्रिटनमध्ये २३ जून २०१६ रोजी मतदान झालं. सरकारनं आधी जो प्रश्न सुचवला होता त्यात फक्त ‘सदस्य राहावं का’ एवढंच होतं, आणि उत्तरं हो किंवा नाही. ‘लीव्ह’ हा शब्द प्रश्नात नव्हताच. तिथल्या निवडणूक आयोगानं २०१५ मध्ये हरकत घेतली. एकच बाजू प्रश्नात दिसली तर तिचं पारडं जड होतं, दोन्ही बाजू मांडा, असं त्याचं म्हणणं. मग प्रश्न बदलला आणि मतपत्रिकेवर हो-नाहीऐवजी दोन पर्याय आले, ‘रिमेन’ आणि ‘लीव्ह’. बाहेर पडण्याच्या बाजूनं ५१.९ टक्के, राहण्याच्या बाजूनं ४८.१.

म्हणजे जिथे ही भाषा जन्मली तिथे मतपत्रिकेवर ‘लीव्ह’समोर ‘अराईव्ह’ नाही, ‘रिमेन’ छापलं गेलं. हे ऐकून भाचीचा चेहरा जरा उजळला. “म्हणजे माझं बरोबर!” ‘स्टे’ आणि ‘रिमेन’ सख्खे चुलत आहेत, म्हटलं. ‘स्टे’ घरातला, ‘रिमेन’ कार्यालयातला. ‘स्टे’मध्ये थोडं मन लागल्यासारखं, मुक्काम केल्यासारखं आहे. ‘रिमेन’ कोरडा आहे, जे होतं ते तसंच आहे एवढंच तो सांगतो. आपल्याकडे हा ‘स्टे’ इंग्रजी न येणाऱ्यांनाही ठाऊक आहे, तो कोर्टामुळे. जमिनीचा दावा चालू असतो आणि गावात बातमी येते, “स्टे मिळाला.” म्हणजे काय, तर जे जिथे आहे ते तिथेच राहील. हा तोच ‘स्टे’.

आता जी गोष्ट सांगायला मी एवढा वेळ घेतला ती. ‘लीव्ह’ या क्रियापदाचा अगदी जुना अर्थ ‘जाणे’ नव्हताच. तो होता ‘राहू देणे’, ‘मागे ठेवणे’. जर्मन भाषेत ‘राहणे’ला ‘ब्लायबेन’ म्हणतात. तो शब्द आणि इंग्रजी ‘लीव्ह’ एकाच मुळातून फुटलेत. मूळ शब्दाचा अर्थ राहणे, उरणे; त्यापासून ‘राहायला लावणे’ असं रूप झालं, आणि इंग्रजीत त्याचं ‘लीव्ह’ झालं. जसं आपण ‘बसणे’वरून ‘बसवणे’ करतो, तसं समजा. पुढे कधीतरी बघणाऱ्याची नजर मागे ठेवलेल्या वस्तूवरून उठली आणि ठेवून चालू पडलेल्या माणसावर गेली. ‘तो गाव मागे ठेवतो’ याचं ‘तो जातो’ झालं. ज्याला आज आपण ‘स्टे’च्या उलट म्हणतो, त्याच्या पोटात मुळात ‘स्टे’च होता.

हे इंग्रजी माणसाला समजावून सांगावं लागतं. मराठी माणसाला नाही, कारण आपण रोज तसंच बोलतो. शाळेत पोहोचल्यावर पोरगं म्हणतं, “डबा घरीच राहिला.” इंग्रजीत हेच वाक्य ‘आय लेफ्ट माय टिफिन ॲट होम’ असं होतं. (‘आय फर्गॉट माय टिफिन ॲट होम’ असं आपण सर्रास म्हणतो, पण ठिकाण सांगायचं असेल तर ‘लेफ्ट’च.) इंग्रजी वाक्यात पोरगं सोडतं, मराठी वाक्यात डबा राहतो. घटना एकच. इंग्रजीनं निघून जाणाऱ्याकडे पाहिलं, मराठीनं मागे उरलेल्याकडे. आणि दोष कुणाच्या माथी, तेही बघा. मराठी पोरगं साळसूद. डबाच आपला आपण राहिला!

जुना अर्थ इंग्रजीतून पुसलेला नाही. ‘लेफ्ट’मध्ये तो जसाच्या तसा बसून आहे. ‘ही लेफ्ट’ म्हणजे तो गेला. ‘टू भाकरीज आर लेफ्ट’ म्हणजे दोन भाकऱ्या उरल्या. एकच शब्द, एकीकडे गेला आणि दुसरीकडे उरला. ‘हूज लेफ्ट?’ एवढंच कुणी विचारलं तर त्याचे दोन अर्थ निघतात, कोण गेलं आणि कोण उरलं, आणि दोन्ही इंग्रजीत शुद्ध. भाचीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, मग शब्दाच्या उलट तोच शब्द लिहिला असता तर? लिहून बघ, म्हटलं, पण माझं नाव सांगू नकोस. डाव्या हाताचा ‘लेफ्ट’ मात्र यांच्या कुळातला नाही, तो निराळा शब्द.

कार्यालयातली ‘लीव्ह’, म्हणजे रजा, तीसुद्धा निराळीच. दिसायला तेच स्पेलिंग, पण तिचा मूळ अर्थ परवानगी. ‘टेक लीव्ह’ म्हणजे निरोप घेणं, कारण जाण्याआधी परवानगी मागायची. आता आपल्या ‘रजा’कडे बघा. अरबी-फारसीतून आलेला शब्द, मूळ अर्थ संमती, मर्जी. आपणही साहेबाकडून रजा घेतो आणि जुन्या वळणाची माणसं भेटीअखेर ‘रजा घेतो’ म्हणतात. दोन भाषांचा एकमेकींशी काही संबंध नसताना दोघी एकाच वाटेनं चालल्या. ‘राजीनामा’ही याच अरबी मुळाचा, म्हणजे संमतीचा कागद. दोन दिवसांच्या रजेचा अर्ज आणि कायमच्या राजीनाम्याचा अर्ज नात्यातले निघाले. याच्या उलट? रजा संपली की आपण कामावर ‘रुजू’ होतो. ‘रुजू’चाही मुळातला अर्थ परतणे असाच आहे. इंग्रजीत इथे ‘रिटर्न’ किंवा ‘रिझ्यूम’, आणि नवी नोकरी असेल तर ‘जॉईन’. ‘जॉईन’च्या जोडीला तर आता लहान मुलंही सरावलीत, कारण घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये भांडण झालं की “काका लेफ्ट झाले” आणि दिवाळीच्या आत कुणीतरी त्यांना परत ‘ॲड’ करतं. तिथे ‘अराईव्ह’ कुणीच होत नाही.

‘डिपार्ट’चं मूळ वाटून टाकण्यात, वेगळं करण्यात आहे. ‘पार्ट’ म्हणजे भाग, तोच हा. इंग्रजी चर्चमधल्या विवाहाच्या शपथेत पूर्वी ‘मरण आम्हाला डिपार्ट करेपर्यंत’ अशा अर्थाचे शब्द होते, म्हणजे ताटातूट करेपर्यंत. पुढे ‘डिपार्ट’ म्हणजे फक्त निघणे असं लोक समजू लागले आणि १६६२ मध्ये शपथेतला शब्द फोडून ‘डू पार्ट’ असा करावा लागला. त्या जुन्या अर्थानं ‘डिपार्ट’च्या उलट पोहोचणे नव्हे, भेटणे.

‘अराईव्ह’ लॅटिनमधल्या काठावरून आलाय. ‘रिपा’ म्हणजे किनारा. काठाला लागणं म्हणजे ‘अराईव्ह’. आपल्या जिल्ह्यात समुद्र नाही, पण या शब्दाचा मूळ अर्थ आषाढीला पंढरपुरात दिसतो. इतके दिवस चालून आलेला वारकरी चंद्रभागेच्या काठाला लागतो ते अगदी अक्षरशः ‘अराईव्ह’. आणि तो तिथे थांबत नाही. दर्शन झालं की परत फिरतो, कारण वारी म्हणजे नुसतं जाणं नाही, जाणं-येणं आहे, आणि पुढल्या वर्षी पुन्हा. ‘लीव्ह’ची आणखी एक उलट बाजू इथे दिसते, ‘रिटर्न’. तिला बाईंच्या उत्तरपत्रिकेत जागा नव्हती आणि भाचीच्याही नव्हती.

हे सगळे धागे एकाच माणसाच्या आयुष्यात बघायचे तर आपल्याच गावचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस आहेत. जन्म १९१० चा, सोलापूरचा. १९३८ मध्ये काँग्रेसनं चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात ते होते. भारताच्या बाजूनं बघितलं तर पाचही जणांनी ‘लीव्ह’ केलं. चीनच्या बाजूनं पाचही जण ‘अराईव्ह’ झाले. मग चौघं ‘रिटर्न’ झाले, कोटणीस ‘स्टेड’. तिथेच लग्न केलं, तिथल्या सैनिकांवर उपचार करत राहिले आणि डिसेंबर १९४२ मध्ये तिथेच वारले, वय अवघं ३२. सोलापुरातल्या घरून बघणाऱ्याला ते गेलेले, तिथल्या जखमी सैनिकाला ते राहिलेले. कोणता शब्द बरोबर, हे बघणारा कुठे उभा आहे त्यावर ठरतं.

तसंच सोलापूरच्या पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांचं. त्यांचे वाडवडील तेलंगणातून इथे आले, हातमाग टाकले, आणि आज इथल्या गल्ल्यांत तेलुगू जितकी कानावर पडते तितकीच मराठी. ‘एमिग्रेट’ आणि ‘इमिग्रेट’ या शब्दांत मुलं हमखास गोंधळतात, कारण चालणारा माणूस एकच असतो. ज्या घराला कुलूप लागलं तिथून तो ‘एमिग्रेट’ झाला, ज्या गावात त्यानं चूल मांडली तिथे तो ‘इमिग्रेट’ झाला. आजच्या हिशेबानं हे दोन्ही शब्द देशाबाहेर जाण्यासाठी वापरतात, पण तेव्हा तेलंगण निजामाच्या राज्यात आणि सोलापूर इंग्रजांच्या मुलखात, त्यामुळे ते फार चुकीचंही ठरणार नाही. आणि त्यांच्या बाबतीत ‘लीव्ह’च्या उलट शब्द ‘सेटल’, स्थायिक होणे. अराईव्ह तर कुणीही होतं. इथल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला जानेवारीत किती माणसं येतात आणि जातात. सेटल व्हायला पिढी लागते.

‘डिपार्टेड’ म्हणजे वारलेले. आपणही ‘आजोबा गेले’ म्हणतो. याच्या उलट ‘आले’ होत नाही, ‘आहेत’ होतं.

शेवटी एक ‘येतो’. आपल्याकडे निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत. कुणी म्हटलंच तर घरातलं मोठं माणूस लगेच दटावतं, “जातो काय म्हणतोस, येतो म्हण.” म्हणजे मराठीत ‘लीव्ह’ करताना तोंडानं त्याच्या उलटाच शब्द उच्चारायचा असतो. माझा एक विद्यार्थी पुण्यात कामाला आहे, परदेशी साहेबाशी फोनवर बोलतो. पहिल्याच आठवड्यात बोलणं संपवताना तो सवयीनं म्हणाला, “ओके सर, आय कम.” साहेब म्हणाला, कुठे? इंग्रजीत ‘कम’ नेहमी बोलणाऱ्याकडे किंवा ऐकणाऱ्याकडे येतं. म्हणून आईनं जेवायला हाक मारली की इंग्रज पोरगं ‘आय ॲम गोइंग’ म्हणत नाही, ‘कमिंग’ म्हणतं. आपलं पोरगं त्याच्याही पुढे, ते जागचं हललेलं नसताना “आलो!” म्हणून भूतकाळच वापरून मोकळं होतं.

भाचीनं हे सगळं ऐकलं, वहीत ‘लीव्ह’च्या पुढे काटलेला ‘स्टे’, बाईंचा ‘अराईव्ह’ आणि त्याखाली पेन्सिलीनं ‘रिमेन, रिटर्न, जॉईन, सेटल’ असं लिहिलं. उद्या बाईंना दाखवणार म्हणाली. अर्धा गुण मिळेल असं मला वाटत नाही, तसं तिला सांगितलंही. “येते मामा,” म्हणून ती सायकलवर टांग टाकून गेली. दहा मिनिटांनी फोन.

“मामा, माझी कंपास तुझ्याकडं राहिली का रे?”

“इंग्रजीत विचार.”

“तू आधी बघ की!”

टेबलावर होती.